निव्वळ वजन

मुरंब्याच्या बाटलीवर चारशे चोपन्न ग्रॅम.
पाचशे नाही, साडेचारशेही नाही,
वरचे चार कुणाच्या वाटणीचे?
रॉचडेलच्या दुकानात तिसऱ्या रांगेत
चष्मा कपाळावर सारून
मी बाटल्या फिरवत उभी असते.
दुधाच्या कॅनवर
दोन लिटर दोनशे बहात्तर मिलिलिटर.
असा हिशेब कोणती म्हैस देते?

शेजारची डोरीन हसली.
अगं, तो पौंड आहे. आमचा जुना पौंड.
आणि दुधात पाइंट, मोजून चार.
कायद्याने त्यांना घालवलं,
पण बाटल्यांनी काही ऐकलं नाही.
म्हणजे सून आली तरी
किल्ल्या सासूच्याच कमरेला.

आण्णा बार्शीच्या अडतीत मापाडी होते.
ज्वारीच्या राशीपुढे उकिडवे बसायचे,
अधोली खुपसायची, शीग चढवायची
आणि मोजायचे:
लाभ, दोन, तीन, चार.
एक म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.
किलो आला तेव्हा त्यांनी त्याला
ओसरीवर सतरंजी टाकून बसवलं,
चहा दिला,
माजघरात काही येऊ दिलं नाही.

छोल्यांचा डबा चारशेचा.
खाली बारीक अक्षरांत: पाणी काढून दोनशे चाळीस.
हे मला आवडलं.
इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.
स्थळ सांगून आलं तेव्हा,
व्हिसाच्या अर्जातसुद्धा
असा एक रकाना हवा होता.

बिस्किटांचा पुडा मात्र लबाड.
लांबी तीच, चित्रातली गाय तीच,
गाईचं हसूही तेच,
फक्त तीनशेचे झाले दोनशे सहासष्ट.
आण्णांनी तो तळहातावर नुसता झुलवला असता.
मापात पाप, म्हणाले असते,
आणि उठताना धोतर झटकलं असतं.

आकड्याच्या शेपटीला एक बुटकं इंग्रजी ई असतं.
डोरीनचा नातू काइल गोदामात कामाला आहे, त्याला विचारलं.
म्हणाला, ती सरासरी.
एखाद्यात दोन ग्रॅम जास्त, एखाद्यात कमी,
सगळे मिळून बरोबर.
आणि ज्याला कमी आलं त्यानं?
त्याला पुढच्या वेळी जास्त येईल की.
आमच्या देवळातले बुवाही हेच सांगायचे,
फक्त ते पुढचा जन्म म्हणायचे.

मंगळवारी डोरीन वाटीभर साखर घेऊन गेली.
मी शीग लावून दिली.
मुद्दाम नाही, हाताला तेवढंच येतं.
गुरुवारी वाटी परत आली,
काठाला काठ,
वरून सुरी फिरवलेली.
सुरीची रेघ दिसत होती साखरेवर.

खरं सांगते, लागलं मला.
सतरा वर्षांचा शेजार,
तिचा हॅरल्ड गेला त्या रात्री मी तिच्या पायथ्याशी झोपले होते,
आणि सुरी?

वाटीखाली चिठ्ठी होती.
थरथरत्या अक्षरांत: आठ औंस, दोनदा तोलले.
संध्याकाळी कुंपणाशी तिनं सहज सांगितलं,
लहानपणी रेशनवर साखर मिळायची
माणशी आठवड्याला इतकीच.
आई प्रत्येकाची वेगळ्या बरणीत ठेवायची,
नावं लिहून.
धाकट्या भावाच्या बरणीला मी एकदाच बोट लावलं,
ती म्हणाली,
आणि कपडे गोळा करायला आत वळली.

मी डबा उघडला.
वाटी रिकामी करताना
तोंडातून आपसूक निघालं, लाभ.
दोन म्हणायला काही नव्हतं.
बोटाला चिकटलेले चार दाणे
मी बराच वेळ चाटले नाहीत.