पुढच्या सभेत

अर्जावर सात चौकोन होते:
नीतिमत्ता, वर्गणी, भोजन व सभागृह,
बाकीचे आता आठवत नाहीत.
मी शेवटच्यावर खूण केली, सदस्य-नोंद.
वाटलं, याला फारसं काम नसेल.
मुलगी शिकायला गेल्यावर गुरुवारची संध्याकाळ
रिकामी पडली होती, एवढंच.
सेवाबिवा काही मनात नव्हती.

भूलतज्ज्ञांची संघटना, ग्वाल्हेर शाखा.
सभा लष्करात, भदौरियांच्या नर्सिंग होममध्ये,
जिथे लिफ्टमध्ये स्ट्रेचर तिरकं घालावं लागतं.
जानेवारीत आम्ही कोट न काढताच बसतो.
मधे हीटर, त्याची एकच कांडी पेटते,
आणि स्टीलच्या ताटलीत मुरेन्याची गजक,
जी तोंडात असताना
कोणालाच ठराव धड वाचता येत नाही.

आमचा धंदाच असा, की नाव राहत नाही.
रोग्याला सर्जन आठवतो, छतावरचा दिवा आठवतो.
मी म्हणजे "त्या मोजायला लावणाऱ्या बाई".
शंभरपासून उलटे.
बहुतेक चौऱ्याण्णवला थांबतात.
तीस वर्षांत एकच माणूस त्र्याऐंशीपर्यंत गेला,
हलवाई होता, हिशेबाचा पक्का.

तर यादी. तीनशे बारा नावं.
काम म्हणजे फोन: पत्ता तोच का, नंबर तोच का,
आणि अर्जावर न छापलेला प्रश्न,
आहात का.
एक्केचाळीस नावं लाल शाईनं गेली.
त्यांत कुलश्रेष्ठ सर, ज्यांनी मला
पहिली नळी घालायला शिकवली.
"मनगट नको, खांद्यानं उचल," म्हणायचे.
त्यांच्यावर रेघ मारताना
नुसतं मनगटच हललं.

मग ब. बिवलकर, सदानंद.
वर्गणी दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात,
चेकनं, कधी उशीर नाही.
फोन बाईंनी उचलला.
"डॉक्टर आहेत का?"
"नाहीत. नऊ वर्षं झाली,"
आणि माझ्याआधी त्याच घाबरल्या:
"का हो, यंदाचा चेक पोचला नाही का?"

पोचला होता. पावतीही गेली होती.
सही होती इं. स. बिवलकर.
नऊ वर्षं कोणी सहीकडे पाहिलं नव्हतं.

मी थाटीपूरला जाऊन आले.
टीपॉयवर संघटनेचे अंक, वेष्टनासकट,
तारखेवार रचलेले.
"वीज, गॅस, बँक, सगळीकडून मुलानं नाव काढलं,"
इंदुमतीबाई म्हणाल्या,
"तो म्हणतो तेही बरोबरच आहे.
पण टपाल येतं हो त्यांच्या नावानं, एवढं एकच.
वर्गणी वाढली तर मात्र कळवा."
चहात साखर दोनदा घातली त्यांनी.
मी प्यायले.

सभेत नियम अकरा वाचला गेला.
मृत व्यक्ती सदस्य राहू शकत नाही,
घेतलेली रक्कम परत करावी.
"रूल तो रूल है, मॅडम," भदौरिया म्हणाले.
खरंच होतं ते.
मी मृत्यूच्या दाखल्यांवर सह्या केल्यात,
वेळ मिनिटासकट लिहिलीय,
मला संदिग्धता चालत नाही.
तरी इतिवृत्तात माझ्याच हातानं लिहिलं:
विषय चार, माहिती अपुरी,
पुढच्या सभेत.
भदौरियांनी चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं,
गजकेचा तुकडा मोडला, आणि सही केली.

त्याला आता तीन वर्षं.
विषय चार दर सभेला पुढे सरकतो.
नवीन अर्ज आले की मी तोच चौकोन भरते.
तरुण मुलं विचारतात, मॅडम, पुन्हा हेच?
मी म्हणते, एक काम उरलंय.

आज एप्रिलची नऊ.
पाकीट आलेलं नाही.
थाटीपूरचं टपाल तसं उशिराच येतं,
मधे दोन सुट्ट्याही होत्या.
फोन समोर आहे.
मी काही मोजत नाहीये.