माया

सावद्याला बसस्टँडमागच्या बोळात
चौतीस वर्षं मी लोकांच्या कमरा लिहितोय.
लाल बांधणीच्या वह्या, एकूण अकरा.
तिसऱ्या वहीत, पान बावन्न:
चावदस फालक. कंबर तीस. लग्नाची पॅन्ट.
टेप लावला की अंग चोरून हसायचा,
गुदगुल्या व्हायच्या त्याला.

शिंपी कापड कापतो
तेव्हा शिवणीच्या आत थोडं जास्तीचं सोडतो.
त्याला आम्ही माया म्हणतो.
चावदस दर खेपेला सांगायचा,
"माया ठेव रे भो, दोन बोटं जास्त."
ठेवायचो.

पोराच्या बारशाला बत्तीस.
केळीचा ट्रक घेतला तेव्हा पस्तीस.
अडतीसला त्यानं वखारीत पंखा लावला, खाली खुर्ची,
घड उचलायला मग दुसरी माणसं.
कंबर तीच आहे, म्हणायचा,
पॅन्टच आटते धुण्यात.

मी काय बोलणार?
त्याच्या मळ्यातल्या भरिताला मीही बसायचो,
पऱ्हाट्यांच्या जाळावर काळी पडलेली वांगी,
बडजीत ठेचलेली,
वर तेलाची धार, थांब म्हणेपर्यंत.
थांब कुणीच म्हणायचं नाही.
कुसुमवहिनी पुरी घेऊन पाठीशी उभ्या,
"एक अजून, माझ्या नावाची."
तीही मायाच.

चाळिशीच्या पुढं मी एक करायला लागलो.
टेप दाखवायचा बेचाळीस,
पोऱ्याला ओरडून सांगायचो, चाळीस!
मग वहीत स्वतः हळूच बेचाळीस करायचो.
गिऱ्हाईक खूश. पॅन्टही बसते.
धंद्यात एवढं चालतं.

शेवटी शेवटी बोळाच्या तोंडाशीच थांबायचा,
मोटरसायकलला टेकून.
तिथून माझं दुकान पन्नास पावलं.
"पित्त झालं," छाती चोळत म्हणायचा,
"कालची वरण-बट्टी बाधली."
मागून टेप फिरवताना
माझे हात पुरायचे नाहीत त्याला,
कान त्याच्या सदऱ्याला लागायचा,
आत कुणीतरी ओझं घेऊन जिना चढतंय
असं ऐकू यायचं.
सेहेचाळीस होती.
मी म्हटलं, बेचाळीस.

पौषात पहाटे जबडा दुखतो म्हणून उठला.
दाढ असेल, लवंग धरली.
तापीच्या पुलापर्यंत गाडीत बोलत होता.

जळगावच्या डॉक्टरानं हितेशला नंतर समजावलं:
पोटातली चरबी नुसती बसून राहत नाही,
साखर वाढवते, रक्ताचा दाब वाढवते,
नळ्या आतून बुजत जातात,
आणि हृदय बिचारं तेवढंच, मुठीएवढं.
मग विचारलं, पोटाचा घेर कधी मोजला होता का?
हितेश म्हणाला, नाही.

मोजला होता.
चौदा वेळा, तारखेनिशी.

काल हितेश आला. साखरपुड्याची पॅन्ट.
सव्वीस वर्षांचा, बापासारखेच
दोन्ही हात वर करून उभा राहिला.
पोऱ्या पेन्सिल ओली करून तयार.
"अडतीस!"
असा ओरडलो की समोरचा चहावाला वळून बघायला लागला.
पोरगं कानापर्यंत लाल.
खाली बघत म्हणालं,
"माया ठेवा काका, दोन बोटं."

सैल करायला माया लागते.
कमी करायला नुसती सुई पुरते.
हे सांगायचं होतं, तोंडातून निघालं भलतंच:
"पहाटे पाचला मी पाटाच्या कडेनं चालतो. येतोस?"
कुठला चालतोय मी.
माझीच एकेचाळीस आहे.
"बघू," म्हणाला.

आज पाचला पाटाच्या पुलावर उभा राहिलो.
टेप गळ्यातच राहिला होता रात्रभर.
केळीच्या बागांवर धुकं,
मोटारपंपाचा आवाज,
आणि लांबून कुणीतरी येत होतं.
अंधारात माप कळत नाही.