रुपयाएवढी जागा

लॅमिंग्टन रोडवरून मढला जायचं म्हणजे
दोन बस, एक फेरीबोट,
आणि खाऱ्या शिंतोड्यांपासून पिशवी वाचवायची.
पिशवीत मल्टिमीटर, कानस, पॉलिश पेपर,
तांब्याच्या वेणीचा हातभर तुकडा
आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत दातेरी वायसर.

मच्छीमार सोसायटीची जीप शेडखाली उभी.
आकाशी रंग, तीन हात,
हरेश्वर तांडेलने नारळी पुनवेआधी स्वतः मारलेला.
ब्रशचा एक केससुद्धा कुठे चिकटलेला नाही.
"तेव्हापासनं बोटींना आमचं ऐकू जात नाही,"
हिशेबाची वही मिटत जयवंती म्हणाली.
"सेट दोनदा बदलला. अँटेना नवी आणली.
हरेश्वर म्हणतो, बोटीवालेच बहिरे."

इंजिन चालू केलं.
स्पीकरमध्ये डास शिरला.
पाय दाबला की डास वर चढतो,
पाय सोडला की खाली येतो.
म्हटलं, हा समुद्राचा आवाज नाही, गाडीचाच आहे.

आधी केबल सेटपासून सोडवली,
नाहीतर तिची जाळीच मागच्या वाटेने जाऊन
खोटी साक्ष देते.
मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर,
दुसरी टपावरच्या नटावर.
मीटर गप्प.
बोल म्हटलं, तरी गप्प.

"अर्थ मिळत नाहीये."
जयवंती हसली. "म्हणजे बोलणं होतं, पण अर्थ लागत नाही?
आमच्या मीटिंगसारखं."

तिला म्हटलं, बाई, गाडी जमिनीवर असते कुठे?
चार रबरांवर उभी, मातीपासून तुटलेली.
तिच्या अंगाचा पत्रा तीच तिची जमीन.
आणि अँटेना म्हणजे अर्धीच काठी,
उरलेली अर्धी व्हायचं असतं खालच्या पत्र्याने.
तिच्या पायाखाली तुम्ही रंग घातलात.
चांगला, जाड, मन लावून मारलेला रंग.

हरेश्वर तोवर येऊन उभा, हाताची घडी.
"खरवडणार?"
"हो."
"किती?"
"रुपयाएवढं."
"जुना रुपया की नवा?"
"जुना."
तो बराच वेळ टपाकडे बघत राहिला.
मग माझ्या हातातून पॉलिश पेपर घेतला.
परक्या हाताने ओरखडा नको, एवढंच असावं.

आकाशी गेला. खाली हिरवा निघाला,
"हा भावाच्या लग्नातला."
हिरव्याखाली तांबडा प्रायमर,
त्याखाली गंज, चहाच्या भुकटीसारखा,
आणि मग एकदम
खवल्यासारखा चकाकता पत्रा.

दातेरी वायसर बसवला, दात पत्र्यात रुतेपर्यंत आवळला.
टप आणि धड यांच्यामध्ये रबराची पट्टी होती,
पाणी थांबवणारी, वीजही थांबवणारी.
तिला ओलांडून तांब्याची वेणी टाकली,
दोन्ही टोकांना तशीच रुपया-रुपया जागा घासून.
मीटर वाजला.
शून्य पूर्णांक तीन.
हरेश्वरने पुन्हा सुई टेकवली, पुन्हा वाजला,
मग तिसऱ्यांदा, उगीच.

डास पूर्ण मेला नाही.
अल्टरनेटरची एक वायर सडलीय, ती पुढल्या खेपेला.
पण सेटकडे माघारी येणारी ताकद
काट्यावर तीनच्या पल्याडहून दीडच्या आत उतरली.
जयवंतीने माइक धरला:
"गावदेवी कृपा, गावदेवी कृपा, सोसायटी बोलतेय."

खरखर.
मग एक वैतागलेला माणूस, अगदी शेजारी बसल्यासारखा:
"ऐकतोय की! ओरडतेस कशाला?
बर्फ संपत आलाय. सुरमई सहा पाट्या.
आणि त्या हरेश्वरला सांग,
मी बहिरा नाही."

पैसे मोजून घेतले, पावती दिली.
धक्क्यावरून मागे पाहिलं
तर टपावर वाकलेला हरेश्वर,
हातात बोटाएवढा ब्रश.
फेरीबोटीतूनच ओरडले,
"नुसत्या कडेने! आतून नको!"
त्याने ब्रश हलवला.
ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.