चिंचेखालचा दगड

निलंग्याच्या तंबूत त्या रात्री
गोऱ्यांचा जुना सिनेमा लागला होता.
काळ्या टोपीचा माणूस गावोगाव घोड्यावरून येई,
बाईच्या पाठीत दाभण खुपसून बघे रक्त येतं का,
आणि एका चेटकिणीमागं किती नाणी, ते वहीत लिही.

भाषा कुणालाच कळत नव्हती.
तरी बायांच्या बाजूला कुणी शेंगा फोडेना.

सोजरबाई कनातीला टेकून बसलेली,
भोवती दोन हात जागा मोकळी,
नेहमीसारखी.

कोंडाप्पाच्या म्हशीला रक्ताचं दूध आलं त्या साली
भानामती हिचीच, असं ठरलं.
मंत्र म्हणता येऊ नये म्हणून
चिंचेला बांधून पाडले समोरचे दात.
जाणत्यानं सव्वाशे घेतले, नारळ वेगळा.

पडद्यावर सरण पेटलं
आणि रीळच जळालं. मधोमध भोक,
मग नुसतं पांढरं.
पोरांनी शिट्ट्या घातल्या.

तेवढ्यात तिचा आवाज, फटीतून वारा यावा तसा:
"मग म्हशी बऱ्या झाल्या का वो त्येंच्या?"

कुणी हसलं नाही.
माझ्या मुठीत शेंगांचा पुडा भिजत गेला.
तो दगड मीच आणून दिला होता, सात वर्षांचा असताना,
वढ्यातून,
चांगला गुळगुळीत बघून.