क्षमता

लिफ्ट बंद होती. दारावर पाटी:
क्षमता सहा व्यक्ती, चारशे आठ किलो.
खाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं,
जिना वापरा, तब्येत राखा.
प्रशिक्षण तिसऱ्या मजल्यावर.
आम्ही तीसजणी चढलो
कठडा धरत, मधल्या वळणावर पदरानं वारा घेत.
डॉक्टर निरगुडे मागून आले
आणि पहिली पाच मिनिटं नुसतं पाणी प्यायले.
सुरगाण्याची सुमित्रा भोये मात्र
कधीच वर पोचून
खिडकीतून त्र्यंबक रोडची वाहतूक बघत होती.

पडद्यावर अक्षरं आली:
असंसर्गजन्य आजार. क्षमता बांधणी. भाग दोन.
बांधणी म्हणजे? मागून कुणीतरी.
साडी, शेजारची पुटपुटली, आणि अख्खा बाक हलला.

मग कमरेचा घेर, मिठाचा चमचा,
आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं.
सुमित्रा उठली: सर, दीडशे तर मी
सोमवारीच संपवते, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाताना.
उरलेले दिवस बसून राहू का?
हसलो सगळ्या. डॉक्टरही हसले.
ती बसली नव्हती.
जे दुखत नाही, तिनं विचारलं,
त्याची गोळी माणसाला रोज कशी घ्यायला लावायची?

पंखा तेवढा ऐकू येत राहिला.
ते भाग तीनमध्ये आहे, डॉक्टर म्हणाले.

जेवणात बटाटेवडा आणि दोन जिलब्या.
मी दोन्ही खाल्ल्या. इथे खोटं कशाला लिहू.
जिलबी चघळताना मला आमच्या गल्लीतला
रौफ मणियार आठवला, अंबडच्या प्रेसशॉपमधला.
रात्रपाळी संपवून बूट काढला, तर मोजा ओला.
दुखलंच नाही ताई, म्हणाला,
दुखलं असतं तर आलो नसतो का?
सिव्हिलमध्ये एक बोट ठेवून आला,
आता बुटाच्या टोकाला कापसाचा बोळा घालतो.
त्याचा फॉर्म मीच भरला होता, दोन वर्षांपूर्वी.
साखर तपासली का: नाही.
त्या दिवशी पट्ट्या संपल्या होत्या.

संध्याकाळी प्रत्येकीला मशीन मिळालं,
निळ्या पिशवीत, सहीनिशी.
सेल नव्हते.

जुन्या सीबीएसबाहेर, गाडीला वीस मिनिटं असताना,
सुमित्रानं स्वतःच्या पैशानं चार सेल घेतले,
तिथेच टपरीच्या फळीवर बसवले
आणि दुकानदाराला म्हणाली, हात द्या.
कशाला?
चालतं का बघते.
तो हसत हसत बाही वर करू लागला,
एका हातानं कुणाला तरी गायछापची पुडी देत.
पट्टा फुगला. आकडे चढले, चढले,
एकशे शहात्तरवर थांबले, खाली एकशे आठ.

मशीन खराब दिसतंय, तो म्हणाला.
तिनं पुन्हा लावलं.
एकशे चौऱ्याहत्तर.
मला तर काहीच होत नाही, बाई.
हो, ती म्हणाली, हाच तर आजार.

सेलच्या बिलामागे तिनं दोन्ही आकडे लिहिले,
खाली सिव्हिलची खोली, आणि वार.
कागद त्यानं गल्ल्यात ठेवला,
की नुसता ठेवल्यासारखं केलं,
गर्दीत मला दिसलं नाही.

सुरगाण्याची गाडी लागली होती.
मशीन मांडीवर घेऊन ती खिडकीत बसली,
गाडी हलता हलता ओरडली,
मंगळवारी तू इकडून जातेसच ना?
विचार त्याला!

मी मंगळवारी इकडून जात नाही.
पण हो म्हटलं.