कौल

टोलेडोच्या नोंदणी कचेरीत
दर पाच वर्षांनी येतो ऑर्विल स्टाडमिलर,
गुडघे दाबत.
निकाल निजू नये म्हणून
नवा शिक्का मारून नेतो.

वेल्डा प्रुइटच्या घरावर
स्लेटची कौलं घातली होती त्यानं.
पैसे बुडाले.
कोर्टाचा कौल तेवढा मिळाला,
आणि त्याच घरावर
शिडी न लावता चढवला
बोजा.

ती घर विकत नाही.
मरतही नाही, म्हणतो, ब्याऐंशीची झाली.

"मग लिलावात काढा की,"
फी मोजता मोजता मी बोलून गेले.

तो शिक्क्याची ओली शाई
फुंकत राहिला.
"परवाच्या वादळानंतर
मुद्दाम तिच्या गल्लीतून गेलो," म्हणाला.
"एक कौल हललेलं नाही."