कोनाडा

पहाटे साडेतीनला व्यासरपाडीच्या गल्लीत
आधी कुडम रांगेत येतात,
माणसं मागाहून.
हिरवे, निळे, एक भडक गुलाबी,
प्रत्येकाच्या गळ्यात चिंधी,
कुणाचा कुठला ते कळावं म्हणून.

याळिनीने कॅमेरा पालथ्या बादलीवर ठेवला
आणि अकरा रात्री त्याला हातच लावला नाही.
मी आवाज धरायचो.
हेडफोनमध्ये प्लास्टिकला घासणारं प्लास्टिक,
लांबून, येईल न येईल असं इंजिन,
आणि पच्चैयम्मा,
डोळे मिटून नंबर मोजणारी.

फिल्म सतरा मिनिटांची झाली.
तीत पाणी नाही.
एक टाच आहे, भेगाळलेली,
आणि एक जांभई,
ती रांगेच्या शेवटापर्यंत जाऊन परत येते.

मग याळिनी म्हणाली, आता मला ती जागा हवी.
कुठली?
तिने हात कंबरेवर टेकवला:
कोपर आणि कूस यांच्यामधला कोनाडा.
कुडम नको, बाई नको,
तेवढीच पोकळी.

पत्र्याच्या शेडमध्ये एकेक जण आली.
ओलं प्लास्टर कुशीला लागलं की गुदगुल्या व्हायच्या.
अक्का, हसू नका, साचा हलतो.
मुनियम्मा हसलीच.
तिच्या साच्यात ती चीर अजून आहे.

आळ्वारपेटला, थंडगार हॉलमध्ये,
नऊ सळ्यांवर नऊ पांढरे आकार.
कुणी म्हणालं शंख, कुणी म्हणालं कान.
एकाने किंमत विचारली.

रविवारी सगायमेरी आली,
चर्चची साडी, केसांत ताजी कनकांबरं.
आठ ओलांडून नवव्यापाशी थांबली.
ही माझी.
कशावरून?
या सगळ्या डाव्या. मी उजवीकडे घेते.
डावीवर पोरगी असायची.

मग तिने पदर सावरला
आणि कंबर नेऊन त्या आकाराला लावली.
बसली. बरोब्बर बसली.
रखवालदार एळुमलै खुर्चीतून उठला,
याळिनीने त्याला खुणेनंच थांबवलं.

एवढी जड का गं ही?
मी म्हटलं, आत काही नाही अक्का,
पोकळीच ओतलीय.
मग जड असणारच, ती म्हणाली,
आणि भिंतीवरचं घड्याळ बघून
चपला शोधू लागली.
आज आमच्या गल्लीचा पाचला.

संध्याकाळी पुसायला फडकं घेतलं मी.
नवव्याच्या कडेला जरीचा एक धागा अडकला होता.
एळुमलै म्हणाला, राहू दे.